वुड यू लाइक एनीथिंग एल्स

...नाही, पण तुम्हीच सांगा, 'ए, भांडी घास' म्हटलं की पळता तरी येतं हो! पोट दुखतं, क्लास आठवतो, मित्र बोलावतो. पण समोरची हसून, मान तिरकी करून विचारायला लागली, तर पळायचं कुठे? गोड बोलणाऱ्याचं करायचं काय?

तर झालं असं, आमच्या ताईला हॉटेलात काउंटरवरची नोकरी हवी होती. इंग्रजी येतं तिला, पण 'व्हॉट यू वॉन्ट?' असं विचारते की समोरच्याची तहानच मरते! पहिल्या मुलाखतीत साहेब म्हणाले, ''बाई, गिऱ्हाईकाला दरडावताय तुम्ही.'' घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली हो. मला बघवेना. म्हटलं, ताई, मी होतो गिऱ्हाईक, तू कर सराव!

आता गिऱ्हाईकच व्हायचं तर कंजुषी कशाला? सोफ्यावर तंगड्या पसरल्या. ''आय वुड लाइक सम वॉटर.'' आणलं. ''आय वुड लाइक इट गारेगार.'' बदललं! ''आय वुड लाइक माय सॉक्स... वॉश्ड.'' ताईच्या नाकपुड्या फुगल्या, हात वर गेला... म्हटलं, अंहं! हसायचं! नोकरी हवीय ना? तर दातओठ खात म्हणते, ''सर्टनली, सर. वुड यू लाइक एनीथिंग एल्स?'' एनीथिंग एल्स! अहो, स्वर्ग दोन बोटं उरला मला!

बाबांनाही बसवलं शेजारी. त्यांना इंग्रजीत एकच येतं, 'यस यस'. ''वुड यू लाइक टी, सर?'' यस यस. ''ऑर कॉफी?'' यस यस! दोन्ही प्यायले. आई आतून ओरडते, ''अगं, साखर संपली, उठव त्या साहेबांना!''

मग आली दुसरी मुलाखत. साहेब मुद्दाम खवचट गिऱ्हाईक झाले. उशी टणक, चहा गार, खिडकी उलट्या बाजूला! ताई ढिम्म. नुसती हसतेय. साहेब गार! ''एवढा संयम कुठे शिकलात?'' तर म्हणते, ''सर, याहून नालायक गिऱ्हाईक आमच्या घरी फुकट राहतं.''

लागली ना नोकरी! मी नाचलो हो, गाढवासारखा नाचलो!

आणि सुट्टीच्या दिवशी, मी अंथरुणात, समोर ताई. तेच हसू. ''गुड मॉर्निंग, सर. वुड यू लाइक टु वॉश द डिशेस, ऑर वुड यू लाइक टु क्लीन द बाथरूम?''

म्हटलं, ''नो, थँक यू.''

''सर्टनली, सर. बोथ?''

अहो, चिडली असती तर भांडलो असतो! पण गोड बोलणाऱ्याचं करायचं काय? आईकडे बघितलं, तर तिनं मान तिरकी केली... तीपण शिकली!

भांडी झाली. बाथरूममध्ये उकिडवा बसून फरशी घासतोय, तर दारावर टकटक. ''सर, वुड यू लाइक एनीथिंग एल्स?''

आणि माझ्या तोंडून काय निघावं? ''यस यस!'' बापाचं रक्त हो, दुसरं काय!

दार किलकिलं झालं... आणि आत सरकली बादली. ताईचे आठवड्याचे सॉक्स.