फीबीच्या नावापुढचा शब्द

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न — देव मराठी बोलतो का? बोलतो म्हणता? मग त्याला मराठी शिकवली कुणी? हसू नका काका, शिकवणाऱ्या मास्तरांचीच गोष्ट आहे!

धामणवाडीचे शांतवन पारखे मास्तर. माणूस विद्वान, बायबलची मूळ ग्रीक यायची! चर्चच्या पंचांनी सांगितलं, "मास्तर, हे शास्त्र, आपलं बायबल, सोप्या मराठीत करा, आम्ही छापतो." मास्तर सात वर्षं खपले. कच्ची छपाई तपासायला मदतीला होत्या सगुणाबाई उजागरे. कोण ही बाई? आजाऱ्याच्या उशाशी बसणारी, बेवारशाच्या प्रेताला आंघोळ घालणारी! पंचांत मात्र तिला जागा नाही. का? पंच म्हणायचे, "शास्त्रात बाईला अधिकार नाही."

बाईंना ग्रीक येत नव्हती, पण नजर अशी की दिवेलागणीला सुईत दोरा ओवतील! एका दुपारी मूळ ग्रीक पानाशी नुसती अक्षरं जुळवता जुळवता थांबल्या.

"मास्तर, फिलिप्पै गावच्या चर्चमधल्या पुरुषांना तुम्ही लिहिलंय 'सेवाधिकारी'. इथं दुसऱ्या चर्चमधल्या फीबीबाईला 'सेविका'. मूळ शब्द तर एकच दिसतोय. शेपूट तेवढं वेगळं!"

मास्तरांनी चष्मा पुसला. अहो, चष्मा स्वच्छच होता!

"बाई, संदर्भ बघावा लागतो."

"कसला?"

"म्हणजे… ती बाई होती."

"हा संदर्भ देवानं दिला, का तुम्ही?"

मास्तरांनी ते पान पुन्हा पुढं ओढलं! त्यांनी काही ठरवून लिहिलं नव्हतं हो, हातानं आपोआप लिहिलं होतं. त्याचीच लाज वाटली. त्यांची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा पंच एकदा आले — सरबत पिऊन गेले! सगुणाबाई चाळीस दिवस पायाशी होत्या. पण पंच बिघडले, तर सात वर्षांचं काम माळ्यावर जाणार!

तरी मास्तर बैठकीत उभे राहिले. म्हणाले, "शब्द एकच आहे. एक तर फीबी सेवाधिकारी, नाहीतर सगळेच सेवक. सांगा, काय छापू?"

मुख्य पंच दाविदराव लोंढे गरजले, "छापा सगळ्यांना सेवक! बाईला अधिकार नाही म्हणजे नाही!"

शेजारच्या पंचानं त्यांचा कोट ओढला. "अहो, मुलीच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावापुढं 'सेवाधिकारी'ऐवजी 'सेवक' छापू? मांडवात पुढची खुर्ची कोण देईल?"

कुजबुज सुरू झाली! घाम पुसला गेला! आणि एकमतानं ठराव झाला — फीबी सेवाधिकारी! धर्मासाठी नव्हे, मंडळी — खुर्चीसाठी!

पण छापलं ते छापलं. पंचांच्या पुढच्या निवडणुकीत सगुणाबाईंनी तेच पान उघडून लोंढ्यांपुढं धरलं. "मोठ्यानं वाचा, राव." वाचावं लागलं! बाई निवडून आल्या.

पहिल्याच बैठकीत हार आले, चहा आला. बाई म्हणाल्या, "वेशीजवळच्या म्हातारीला कालपासून ताप आहे. तिचं अंथरूण धुवायला कोण येतंय?"

एक पंच घड्याळ बघतो, एक छत बघतो! उठले ते एकटे पारखे मास्तर. ओल्या गोधडीचं एक टोक बाईंच्या हातात, एक मास्तरांच्या. पिळता पिळता मास्तर पुटपुटले, "बाई, शब्द आत्ता कळला."

आता तुम्ही सांगा! इथं ग्रीक कुणाला येते? नाही ना? तुमच्या शेजारणीलाही येत नाही. ती शास्त्र वाचत नाही — ती तुम्हाला वाचते! देवाच्या शब्दाचा काय अर्थ लावत असेल ती, तुमच्याकडं बघून? घरी जाताना तिच्या दारावरून जा, आणि विचारा. हिंमत आहे का?