काचेचं अंडं

घड्याळजी – फुटलं. बघ, पुन्हा फुटलं.

बाई – फुटलं नाही, फोडलंत.

घड्याळजी – अगं, उजव्या हाताला समजतच नाही हे खेळाचं बटण किती दाबायचं ते. घट्ट धरलं की तडकतं, सैल धरलं की सुटतं. माझं तडकलं. अर्धांगाचा झटका आलेला हात आहे, त्याच्याकडून आणखी काय होणार?

बाई – मला नका नियम शिकवू. जन्मभर शाळेतल्या पोरींना खेळ शिकवलेत मी. बगळ्यावर बसायचं, डोंगराच्या टोकावरून अंडं उचलायचं, समोरच्याला चुकवत उडायचं आणि आपल्या मनोऱ्यावरच्या घरट्यात नेऊन ठेवायचं. अंडझेप म्हणतात या टीव्हीवरच्या खेळाला. काय अवघड आहे त्यात?

घड्याळजी – तुला सोपं. तुझा बगळा कसा सुसाट सुटतो! शिट्टी ऐकल्यासारखा.

बाई – लोणी लावू नका. हे दगडी अंडं होतं. खेळातलं सगळ्यांत जाड कवच. डब्यावर लिहिलंय, सात वर्षांच्या मुलापासून पुढे सगळ्या कुटुंबाला खेळता येईल. हे फोडायला माणसाला मुद्दाम जोर लावावा लागतो.

घड्याळजी – लेकीनं हातात जोर यावा म्हणूनच तर आणून दिलाय हा खेळ. ती व्यायाम घेणारी मुलगीपण म्हणाली, खेळत राहा काका, बोटं सुधारतील. आता नाही सुधारली, त्याला कोण काय करणार? जाऊ दे. वाजले किती?

बाई – चार वाजून गेले. पाचला येतोय ना तो दुकानाशेजारचा मोबाइलवाला?

घड्याळजी – येतोय. त्याला द्यायची दुकानाची किल्ली काढून ठेवलीय टेबलावर. त्याचं दुकान वाढेल, माझं ओझं उतरेल. सगळ्यांच्या मनासारखं.

बाई – माझ्या मनासारखं कुणी विचारलं?

घड्याळजी – तुझ्यापुढेच तर बोलणं झालं. हात चालत नाही म्हटल्यावर तूच मान डोलावलीस.

बाई – हात चालत नाही असं वाटत होतं तोवर डोलावली. काल तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी काय केलं सांगू?

घड्याळजी – काय केलंस?

बाई – म्हटलं, जरा सराव करावा. टीव्ही लावला, आणि माझ्या बगळ्याऐवजी तुमच्या बगळ्यावर बोट पडलं. त्या चष्मेवाल्यावर.

घड्याळजी – ...बरं मग?

बाई – तो मला मनोऱ्यामागच्या अंगणात घेऊन गेला. ज्याचं अंडं धड पोचतं, त्याच्या अंगणात त्यातलं पिल्लू राहायला येतं ना? माझ्या अंगणात सगळी करडी. दगडी अंड्यांची. तुमच्या अंगणात एकही असायला नको होतं.

घड्याळजी – बाई, चहा टाकतेस का जरा?

बाई – चहाबिहा काही नाही! अंगण भरलं होतं तुमचं. आणि पिल्लं कसली, आरपार दिसणारी, लखलखीत. काचेच्या अंड्यांची! सगळ्यांत पातळ कवच! ज्यांच्यापुढे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो ती अंडी!

घड्याळजी – लेक आली होती मागं, तिनं खेळून ठेवलं असेल.

बाई – लेकीनं पिल्लांची नावं कमान, लंबक, तासकाटा आणि चिमटा ठेवली असतील, नाही का? तिला लंबक म्हणजे काय विचारलं तर ती मोबाइल उघडून बघेल.

घड्याळजी – पिल्लं तुला दिसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाई – सगळं लपवलंत आणि बारसं करून मोकळे झालात! नावं ठेवताना अक्कल कुठं गहाण टाकली होती?

घड्याळजी – खेळच विचारतो ना, नाव काय म्हणून. आपल्या हातून सुखरूप आलेलं पिल्लू, त्याला बिननावाचं कसं सोडायचं?

बाई – लबाड बगळा! कधी खेळता हे?

घड्याळजी – तू सकाळी मैदानावर पोरींना पळवायला जातेस तेव्हा.

बाई – आणि मी घामाघूम होऊन परत आले की हात मांडीवर टाकून बसता! आज सकाळीसुद्धा शर्टाच्या गुंड्या मी लावून दिल्या. कॉलरची गुंडी लावताना तर वर डोळे मिटून उभे होतात, एखाद्या महाराजासारखे!

घड्याळजी – ते आवडतं मला.

बाई – काय?

घड्याळजी – गुंड्या तू लावलेल्या.

बाई – हसू नका. मला हसवू पण नका. माहितीये तुम्हाला, या हातापायी मी नळ मोठा सोडून रडलेय स्वयंपाकघरात? मुंगीएवढे स्क्रू उचलणारा माणूस चमचा सांडतोय म्हणून. आणि हा माणूस तिकडं काचेची पिल्लं जमवतोय! का केलंत असं? सरळ सांगा.

घड्याळजी – नळाचं मला माहीत नव्हतं गं.

बाई – का केलंत ते सांगा.

घड्याळजी – सगळी नाहीत पोचत, बाई.

बाई – काय सगळी?

घड्याळजी – काचेची अंडी. पाच उचलली तर चार पोचतात. पाचवं फुटतंच. मध्येच हात स्वतःच्या मनानं आवळतो, मला न विचारता. खेळात ठीक आहे, दुसरं अंडं मिळतं. दुकानात माणूस वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ आणून माझ्या हातात देतो. ते पाचवं कुणाचं असेल?

बाई – म्हणून दुकानच देऊन टाकायचं?

घड्याळजी – मी आजवर कुणाचं घड्याळ बिघडवलं नाही. आता म्हातारपणी तो डाग नको. म्हटलं, हात गेला असं सांगावं आणि इज्जतीत किल्ली देऊन टाकावी.

बाई – बरं. हे झालं एक. दुसरं काय?

घड्याळजी – दुसरं काही नाही.

बाई – दुसरं आहे. कान लाल झालेत तुमचे.

घड्याळजी – तू ना, पोरींना पकडायचीस तशी पकडतेस.

बाई – पोरी लवकर कबूल व्हायच्या. बोला.

घड्याळजी – लग्न झाल्यापासून तू कधी बसलीस गं माझ्याशेजारी? तुझ्या गळ्यात शिट्टी, माझ्या डोळ्यावर भिंग. मी दुकान बंद करून नऊला यायचो, तेव्हा तू ताटावरच पेंगत असायचीस. आता रोज संध्याकाळी या सोफ्यावर बसतेस. मला ढोसतेस, माझ्यावर ओरडतेस, माझा बगळा पडला की टाळ्या पिटतेस. दुकान उघडलं की हे सगळं संपलं. हात बरा झाला म्हटल्यावर तू कशाला बसशील?

बाई – अहो, तुम्ही वेडे आहात का?

घड्याळजी – असेन.

बाई – तुम्हाला वाटलं मी तुमच्या हातासाठी बसते? पहिले चार दिवस बसले असेन. नंतर मला चटकच लागली या मेल्या बगळ्यांची. आणि तुमच्याशी भांडायची त्याहून जास्त.

घड्याळजी – खरंच?

बाई – हात बरा झाला म्हणून मी उठून जाणार होते होय? उलट खरी चुरस आता येईल. दगडी अंड्यांवर तुम्हाला हरवून मला काय मिळत होतं? अंगात आलेला जोर तसाच जिरवावा लागायचा. दुकान सातला बंद करायचं. सव्वासातला इथं यायचं. काचेची अंडी काढायची, आणि मी तुम्हाला धूळ चारणार.

घड्याळजी – सातला गिऱ्हाईक असतं गं.

बाई – ते दुसऱ्या दिवशी येईल. मी येणार नाही.

घड्याळजी – पण त्या पाचव्याचं काय, बाई? त्याचं उत्तर नाही तुझ्याकडे.

बाई – आहे. हे घ्या.

घड्याळजी – हे काय? तुझं घड्याळ? ...अगं, हे बंद आहे!

बाई – तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा जिन्यात आपटलं. तेव्हापासून बंद.

घड्याळजी – तेव्हापासून? रोज तर घालतेस! मैदानावर पोरींच्या वेळा कशा घेतेस मग?

बाई – मोबाइलवर. हे आपलं हातात असू दे म्हणून घालते. घड्याळजीच्या घरात बंद घड्याळ फिरतंय आणि घड्याळजींना पत्ता नाही.

घड्याळजी – मी लोकांच्या मनगटांकडे बघायचंच सोडलं होतं. पण तू दुसरीकडे टाकायचंस ना दुरुस्तीला. चौकात आहे एक दुकान.

बाई – दुसऱ्या कुणी ते उघडलेलं मला चाललं नसतं. बस. आता पाचवं घड्याळ फुटायचंच असेल तर हे फुटू दे. नाहीतरी बंदच आहे, आणखी काय बिघडणार?

घड्याळजी – आत्ता?

बाई – आत्ता. पाच वाजायच्या आत.

घड्याळजी – ...कपाटातला पत्र्याचा डबा आण. वरचा कप्पा. आणि खिडकीपाशी टेबल ओढ, उजेड हवा.

बाई – हा डबा. हे भिंग. चिमटा हा का?

घड्याळजी – त्याच्याहून बारका. हां. आणि ती किल्ली उचल इथून, मध्ये येतेय. टीव्हीचा आवाज बंद कर आधी, तो तुझा बगळा केकाटतोय.

बाई – केला बंद. अहो, चिमटा जपून धरा.

घड्याळजी – धरलाय.

बाई – घट्ट धरलं की तडकतं...

घड्याळजी – बाई, गप्प बस.

बाई – सैल धरलं की सुटतं...

घड्याळजी – जरा मागं हो. तुझ्या श्वासानं स्क्रू उडतील.

बाई – झाले मागं. निघालं का झाकण?

घड्याळजी – निघालं. थांब... बघ, आतून काही मोडलेलं नाही. एक स्क्रू ढिला होऊन चाकात जाऊन बसलाय, एवढंच. बिचारं अडकून पडलं होतं इतके दिवस. आता हा स्क्रू अलगद उचलायचा... बोलू नकोस... आला. आला गं चिमट्यात!

(दारावरची घंटा वाजते.)

बाई – आला तो. अहो, पाच वाजले. किल्लीचं काय करायचं?

घड्याळजी – तूच उघड दार. माझा हात कामात आहे.

बाई – आणि त्याला सांगू काय?

घड्याळजी – हेच सांग.