गेडाम काकांची पाण्याची बाटली

अरे, आमच्या लॅबमधल्या अटेंडंटवर, गेडाम काकांवर, मी एकडाव उगाच चिडलो. लॅब दुर्गले होती, काका त्याच्या पुढच्या खेड्यातून रोज यायचे. पाण्याचं सॅम्पल गाळायच्या डिस्कमधून थेंब थेंब उतरून राहिलं होतं. डिस्क बदलली, पंप पाहिला, तरी तेच.

"काका, मेथॅनॉल टाकल्यावर डिस्क सुकू देली काय? सुकली का पाणी उतरत नाई!"

"नाई साहेब, पाण्यातच गाळ हाय. घरी चौपदरी धोतरातूनबी असंच उतरते."

"तुमच्या घरी?"

"आमच्याच बोरिंगचं हाय ना थे."

सॅम्पलच्या बाटलीवर निस्ता नंबर होता, मले काय माहीत! त्या पाण्यात काय निघते, थो रिपोर्ट यायचाच होता. जेवताना काकांनी रोजच्यासारखी आपली बाटली माह्यापुढे केली. "घ्या साहेब, गाळूनच आणलं."

थेच पाणी तीन वर्षं प्यायलो होतो. त्या दिवशी म्हटलं, तहान नाई.