दोघांत मिळून एक कोर्स

अरे, त्या दिवशी माझं डोकं पार चक्रावलं होतं. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटवर निखिलला टायफॉइड झाला, आणि सोमवारी त्याला हिंजवडीत पहिल्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. मी रोज ओरडायचो, "अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही!" गोळ्यांचं पाकीट रिकामं झालेलं मी स्वतः पाहिलं. तरी ताप परत चढला.

डॉक्टरही गोंधळले. "सगळ्या गोळ्या संपल्या?"

"संपल्या, सर," निखिल म्हणाला.

"मग हे औषध लागू पडत नाहीये. ॲडमिट व्हा, इंजेक्शनं देऊ."

"नोकरी गेली माझी," निखिल रडवेला झाला. मला काहीच कळेना.

तेवढ्यात आमचा तिसरा रूममेट, अमरावतीचा प्रशांत, बोलला. "सर, याचा ताप उतरला होता न, म्हणून यानं गोळ्या बंद केल्या. मले सर्दी होती. उरलेल्या गोळ्या मी घेतल्या."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हाच म्हणे, कोर्स पूर्ण झालाच पाहिजे!"

डॉक्टरांनी ॲडमिटचा कागद बाजूला सारला. "आधी रक्त तपासू. आणि पुढचा कोर्स एकट्यानं करा. औषध सहकारी तत्त्वावर चालत नाही."