भिंतीपलीकडचा कान

— राहू द्या हो चपला पायात, हे काय देवघर नाय. आणि त्या खुर्चीवर नका बसू, तिचा मागचा पाय निखळलाय, कारभारी भाऊंनाच जमायचं तिच्यावर बसायला. इथं दिवाणावर बसा. दाराला कडी मी घातली, मांजर शिरतं म्हणून, दुसरं काय नाय. लासूर स्टेशनहून आलात ना? अतुल ना तुमचं नाव? भाऊंच्या रूपालीनं सकाळी पुण्याहून फोन केला — काकू, लासूरचे एक जण येतील, बाबांचे स्पीकर दाखवा, आवडले तर गाडीत घालून द्या. म्हणलं घालते बाई. भाऊंच्या घराची किल्ली माझ्याकडंच असते. शेजार म्हंजे काय नुसता वाटीभर साखरेपुरता असतो का? आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ टेकून उभी आहेत, उस्मानपुऱ्यात कुणालाबी विचारा. चहा ठेवते — नको? एवढ्या उन्हातनं आलात आन् नको काय? बरं, पाणी तरी घ्या. लग्न झालंय ना तुमचं? झालंय. मग बायकोला विचारलंत का, एवढी मोठी खोकी घरात ठेवणार कुठं? नाय विचारलं. वाटलंच मला. पुरुषांचं असंच असतं, वस्तू दारात आली की मग जागा शोधायची.

ही बघा, ही दोन उभी खोकी म्हंजे विलायती जोडी, तुम्ही हिच्यासाठीच आलात. आणि ती बुटकी दोन म्हंजे देशी, भाऊंनी भंगारातून उचलून आणलेली, तिला कुणी विचारत नाय. फोनवर फोटो लई सुरेख आला असंल विलायतीचा. फोटोला काय जातंय? तुम्ही माझ्या भावासारखे म्हणून सांगते — वरून चकाकतंय, आत सगळं बदललेलं आहे. हा मोठा गोल दिसतो ना, वूफर, त्याच्या कडेनं स्पंजाची पट्टी असते. ही जोडी आली तेव्हा त्या पट्टीचा नुसता रवा झाला होता, बोट लावलं की खाली. भाऊंनी ती खरवडून काढली, नवी चिकटवली. आणि चिकटवताना तो कागदाचा भोंगा मधोमध बसला पाहिजे, केसभर इकडंतिकडं झाला तर घासतो, म्हणून मधल्या भोकात पातळ पट्ट्या खोचून ठेवायच्या. कशाच्या पट्ट्या? फोटोच्या निगेटिव्हच्या. आता निगेटिव्ह कुणाकडं असते? माझ्याकडं होती, माझ्या लग्नाची, अल्बमच्या मागच्या पाकिटात. दिली मी. गोंद वाळेपर्यंत आमची अख्खी वरात त्या भोंग्यात अडकून बसली होती, मी, हे, बँडवाले, सगळे! तर सांगायचं काय, पट्टी नवी, मागचे कंडेन्सर नवे, वायर नवी, पॉलिश नवं. मग विलायती उरलं कुठं? नाव तेवढं. मी असते तर नसती घेतली. रिकाम्या हातानं गेलात तरी चालंल, पण फसून जाऊ नका.

वाजवून बघायचंय म्हणता? बघू की, त्यासाठीच आलात. फक्त आवाज बेताचा ठेवते, ह्या भिंतीला लागूनच पलीकडं आमच्या ह्यांची खाट आहे. सांडूभाऊ म्हणतात त्यांना गल्लीत. वाळूजला कंपनीत होते, पत्रा दाबायच्या प्रेसवर. दिवसभर धाडधाड ऐकून घरी यायचे आणि इकडं भाऊंचं सुरू — एकच गाणं, एकच कडवं, आधी ह्या जोडीवर, मग त्या जोडीवर, परत ह्या जोडीवर. टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेला माणूस, बायको वारलेली, पोरगी पुण्याला, दुसरं काय करणार? तर आमचे हे तांब्या घेऊन भिंतीवर हाणायचे — ओ कारभारी, ती बाई गायली ना एकदा, तिला उठबशा कशाला काढायला लावताय! भाऊ तिकडून ओरडायचे, सांडूभाऊ, तुम्हाला कान नाय! हे म्हणायचे, होता, तुम्हीच फोडला! असं चालायचं. आणि संध्याकाळी फाटकापाशी दोघं एकाच पुडीतली सुपारी खायचे. मग ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून आणलं तेव्हा खाट ह्या भिंतीला लावली, दुसरीकडं जागाच नव्हती. भाऊंनी लई दिवस काय वाजवलं नाय, शेजारधर्म म्हणून. मग एकदा राहवलं नाय, लावलं हळूच, आणि भिंतीवर ठक्. ह्यांच्या डाव्या हातात चमचा होता. भाऊ धावत आले, हात जोडले, चुकलं सांडूभाऊ, बंद करतो. पण माणूस खोडीचा. घरी जाऊन ह्या गाण्याच्या मशीनचा खटका फिरवला, दुसरी जोडी लावली — ठोका नाय. परत पहिली लावली — ठक्! तेव्हा कळलं, बंद करा नाय म्हणत, ही बरी आहे म्हणतायत.

तेव्हापास्नं तसंच ठरून गेलं. एक ठोका म्हंजे पहिली बरी, दोन ठोके म्हंजे दुसरी. भाऊ मला म्हणायचे, वहिनी, मला खोकं दिसतं ना, म्हणून माझा कान लाच खातो. विलायती समोर दिसली की विलायतीच गोड लागते. सांडूभाऊंना नुसती भिंत दिसते. म्हणून काय दुरुस्त केलं, काय बदललं, की आधी भिंतीला विचारायचं. तीन? असतात की तीनबी ठोके. ते काय, असंच, त्यांच्या दोघांतलं. ते सोडा.

मला? मला नाय देत ठोका. तुम्हाला वाटलं असंल, बायकोशीबी ठोक्यानं बोलत असतील. मलाबी वाटलं होतं. चमचा हातात देऊन विचारते, भात की भाकर, भाताला एक, भाकरीला दोन. डोळे मिटून घेतात. चमचा गादीवर सोडून देतात. अंघोळ मी घालते, कूस मी बदलते, सगळं मीच — जाऊ द्या, परक्या माणसापुढं काय बोलायचं. मी समोर आले की त्यांना त्यांची अवस्था दिसत असंल. एवढा भरदार गडी, फाटकातून आला की कुत्री बाजूला व्हायची. आणि मी तरी जाणार कुठं? भावाच्या पोरीचं लग्न झालं, नाय गेले. गुलमंडीला ब्लाउजपीस आणायला निघाले तर अर्ध्या वाटेतून रिक्षा फिरवली, वाटलं हे खाटेवरनं पडले. पडले नव्हते. छताकडं बघत होते. एक बोलू शकत नाय आन् एकीला बोलल्याशिवाय राहवत नाय, आणि दोघं एका पंख्याखाली कोंडलेले. पंखा फिरतोय तेवढाच. हसा, हसा, लाजू नका, मलाबी कधीकधी हसू येतं.

आणि मग भाऊ जिन्यावरनं पडले. खुब्याचं हाड मोडलं, रूपाली येऊन रातोरात घेऊन गेली, आता काय परत येत नायत ते. ह्यांना मी सांगितलंच नाय. काय सांगू, की तुमचा तेवढाबी माणूस गेला? मग एक दिवस इथं झाडलोट करायला आले, आणि फडकं मारता मारता हे मशीन लागलं, गाणं सुरू झालं. घाबरून बंद करायला गेले तर खटका फिरला, आणि पलीकडून — ठक् ठक्. अहो, काळीज हललं माझं! परत फिरवला. ठक्. आता रोज दुपारी येते. ह्यांना जेवू घालते, म्हणते जरा आडवी होते, आणि गुपचूप इकडं. कधी विलायती आधी लावते, कधी देशी. आदल्या दिवशी नाकारलेली मुद्दाम परत लावते, म्हंजे चिडून जोरात ठोका देतात. आज मन बरं असलं तर ठोका लगेच येतो, बरं नसलं तर वाट बघायला लावतात. त्यांना वाटतं कारभारी भाऊ आहेत. वाटू द्या. धडधाकट होते तेव्हाबी नवरा-बायकोत एवढं बोलणं झालं नाय आमचं — काय सांगत होते मी? हां, जोडी. जोडीत काय दम नाय, तेच सांगत होते.

थांबा, लावते. तुम्ही तिथंच बसा, दोघांच्या मधोमध, भाऊ तिथंच बसायचे. … ऐकताय ना? बघा, मी म्हणलं नव्हतं? डग्गा कुठंय सांगा, डग्गाच नाय. पोकळ. आणि बाई मधोमध बसून गायला पाहिजे, ही बसलीय कुठं? इकडं नाय, तिकडं नाय, भरल्या पंगतीत पाट न मिळाल्यासारखी फिरतीय नुसती. एवढं मोठं खोकं आणि आवाज पत्र्याच्या डब्याचा! — हां, ते व्हय, वाजवलं त्यांनी. तीन? मी नाय मोजले. पाणी देऊ का अजून? — वाजवतात हो, चमचा हातात असला की वाजवतात. — आता परत तीन, व्हय, ऐकलं मी, बहिरी नाय. अहो, तुम्ही मागं कशाला वाकताय? तिथं धूळ आहे, पाल असते तिथं, अतुल दादा, ऐका —

… व्हय. लाल वायर काळ्याच्या जागी आहे. एकाच खोक्याची. मीच केलं, सकाळी रूपालीचा फोन ठेवला आणि तशीच आले. भाऊंनी एकदा दाखवलं होतं, वहिनी, जोडीतलं एक उलटं जोडलं की एक आत ओढतं तेव्हा दुसरं बाहेर ढकलतं, दोघं एकमेकांचा आवाज खातात. मोडत काय नाय, नुसतं गाणं मरतं. म्हणलं, हा माणूस ऐकंल, नाक मुरडंल, जाईल. भंगारातली खोकी कधीकधी अशीच यायची, आतून कुणी उलटी जोडलेली, म्हणून दोघांनी ठरवलं होतं — उलटं वाजलं की तीन ठोके. एवढा विचार केला मी सकाळपास्नं, आणि भिंतीपलीकडं कोण निजलंय तेच विसरले! ह्यांच्यासाठीच केलं, आणि ह्यांनीच धरून दिलं. बघा हो नशीब, माझ्याशी शब्द नाय आणि माझ्याविरुद्ध साक्ष!

आणि थांबा — त्याहून वाईट आता ध्यानात येतंय. ही जोडी कायम सरळ वाजलीय. भाऊंच्या हातून वायर उलटी लागंल? जन्म गेला त्यांचा वायरीत. ह्यांना कळलं असंल इकडं भाऊ नायत म्हणून. आणि भाऊ नायत तर किल्ली कुणाकडं आहे, रोज दुपारी आडवं व्हायला कोण जातंय… एवढं कळायला वाचा लागत नाय. झालं. आता काय ते चमचा उचलणार नायत. समोरून उचलत नायत, आता भिंतीतूनबी नाय.

सरका जरा, मी करते. तुम्ही पाहुणे, तुमचे हात नको भरायला. … हं. लाल लालला, काळी काळ्याला. लावा आता तुम्हीच.

… ऐका. आता काय सांगू मी तुम्हाला? भिंतीला हात लावा, लावा, डग्गा कसा आत शिरतोय बघा. आणि बाई आली, बसली पदर सावरून मधोमध. लई खोटं बोलले मी मघाशी. पट्टी नवी आहे, कंडेन्सर नवे आहेत, पण ह्याच्यासारखी जोडी भाऊंच्या हातून परत झाली नाय. देशी लावून बघायची गरजच नाय तुम्हाला, तुमच्या तोंडावर दिसतंय. वरात त्यात उगाच नव्हती अडकली.

संपलं कडवं. आता इथं मी खटका फिरवते रोज. देशी लावते, तेच कडवं वाजतं, ते संपलं की मग ठोका. पण तुम्ही ही घेऊन गेल्यावर उरलेल्या एकटीला पहिली काय आन् दुसरी काय? कशाशी ताडून बघायचं त्यांनी? — नाय नाय, तसं नाय, तुम्ही घ्या, तुमची नजर बसलीय, आणि मी रूपालीला काय तोंड दाखवू? काय म्हणता — ह्यातलं एक ठेवून जाता? नको हो. मन मोठं आहे तुमचं, पण जोडीतलं एक काढलं की दुसरं नुसतं खोकं होतं. तुमच्याकडंबी आणि माझ्याकडंबी. घेऊन जा दोन्ही, मी — श्श्. बोलू नका. पाय हलवू नका.

ऐकलंत? एकच ना? तुम्हीबी एकच ऐकला? मी खटक्याला हात लावला नाय. दुसरी लागलीच नाय अजून. ठरल्यापास्नं भाऊंशी कधी असं केलं नाय त्यांनी, दुसरी ऐकल्याशिवाय कधीच पसंतीचा ठोका दिला नाय. … त्यांना माहीतंय इकडं कोण आहे. माहीत असून दिला.

उचला तुम्ही. उचला म्हणलं ना. जड बाजू पुढं धरा, जाळीला बोट लावू नका. गाडी फाटकातून काढताना आमच्या खिडकीपुढं थांबवू नका, तेवढं करा, खाटेवरनं सगळं दिसतं. कडी काढते. … मी? मी बसते जरा इथं खाली, भिंतीपाशी. नाय, वाजवायचं काय नाय आता. हात आहे की मला, बांगडी आहे. या तुम्ही. दार हळू ओढा. — या म्हणते ना!