पलीकडे पोचल्यावर

खारदुंग घाटाच्या चौकीत घरी जायच्या बसची वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या लाझेसअबींच्या कानी शिपाई आणि एका ट्रकचालकाचे बोलणे पडत होते.

“चाकांना साखळ्या चढवल्यास, स्तोब्दन, की नुसत्या मिरवतोस?”

“चढवल्या, अचो-दादा.”

“उतारावर ब्रेक दाबत बसू नकोस. पलीकडे पोचलास की घरी फोन कर.”

“करतो की. दर खेपेला आमाला करतो.”

“अरे, तुझी आई तर गेल्या हिवाळ्यात वारली ना?”

“तिचा फोन चार्जिंगला लावूनच निघतो. घरात वाजतो, एवढंच.”

अबींच्या बोटांतली जपमाळ थांबली.

“ए पोरा, माझा नंबर घे. आज मला लाव.”

“तुम्हाला कशाला त्रास, अबी-ले?”

“उलट बोलू नकोस. आणि लगेच ठेवून देऊ नकोस. चुलीपासून उठून यायला मला वेळ लागतो.”