चाळणीची तक्रार

(सामना संपून अर्धा तास झालेला. मैदानाच्या कार्यालयात स्पर्धेच्या चिटणिसांच्या टेबलावर पीठ चाळायची एक चाळणी. समोर गोलकीपर आणि हरलेल्या टीमच्या समर्थकांचा म्होरक्या, ज्याला हातातल्या भोंग्यावरून सगळे भोंगाच म्हणतात.)

चिटणीस : म्हणजे समोर ती मुलगी पेनल्टी मारायला उभी, आणि तुम्ही गोलपुढे उकिडव्या बसून माती चाळताय?

गोलकीपर : दोन खडे निघाले, साहेब. दाखवू? खिशात आहेत.

चिटणीस : राहू द्यात खिशातच.

भोंगा : बघा, मस्ती बघा! तीन वेळा चाळली. आणि दर वेळी मान वर करून आमच्या स्टँडकडे बघून हसली. आमची पोरगी बिचारी ताटकळली. शेवटी तिलाच हसू फुटलं आणि बॉल मारला सरळ हिच्या हातात. त्या एका पेनल्टीवर सेमीफायनल गेली आमची!

गोलकीपर : तिला हसू आलं त्याला मी काय करू? वेळ काढला म्हणून पंचांनी पिवळं कार्ड दिलं, ते मुकाट घेतलं. संपला विषय.

चिटणीस : नाही संपला. हे समर्थक मंडळाचे अध्यक्ष. प्रेक्षकांचा अपमान केला अशी यांची लेखी तक्रार आहे. माफीपत्र मी टाइप करून आणलंय. सही करा आणि रविवारी फायनल खेळा. नाहीतर एका सामन्याची बंदी.

गोलकीपर : पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे माझं. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, नंतर खेळायचं नाव काढायचं नाही. ही फायनल गेली की माझं सगळंच गेलं.

चिटणीस : म्हणून तर म्हणतोय, बाई. दोन तर ओळी आहेत.

गोलकीपर : अर्धी असती तरी नसती केली.

भोंगा : कसला हा ताठा!

गोलकीपर : अहो भोंगेबुवा, रोज सकाळी आठ वाजून दहाला मी कंडक्टर असते त्याच बसमागे पळत येता ना? "ताई, थांबा, ताई, थांबा" करत? तेव्हा कुठे जातो हा आवाज?

भोंगा : बसचं बसमध्ये. इथे तू समोरच्या टीमची.

चिटणीस : भांडू नका. सही, बाई.

गोलकीपर : बरं. आधी तक्रार वाचून दाखवा. कशाची माफी मागायची ते कळू तरी दे.

चिटणीस : "गोलकीपरने प्रेक्षकांना उद्देशून चाळणी दाखवली, त्यामुळे आमच्या भावना दुखावल्या."

गोलकीपर : पुढे?

चिटणीस : पुढे सही आहे यांची.

गोलकीपर : चाळणी बघून भावना दुखावतात? यांच्या घरी नाही का चाळणी? बायकोनं पीठ चाळायला घेतलं की हे रडत बसतात?

भोंगा : उगाच वेड पांघरू नकोस. का दुखावल्या ते तुला चांगलं माहितीये.

गोलकीपर : मग लिहा की खाली. लिहायला काय जातं?

चिटणीस : बरोबर आहे त्यांचं. कारणाचा रकाना रिकामाच सोडलाय तुम्ही. सांगा, मी लिहितो.

भोंगा : कारण... आम्ही हिला तसं म्हणतो, म्हणून.

चिटणीस : कसं?

भोंगा : चाळणी.

चिटणीस : कधीपासून?

गोलकीपर : अकरा वर्षं, साहेब. इथल्या पहिल्या सामन्यात मी सहा गोल खाल्ले, त्या दिवसापासून.

चिटणीस : अध्यक्ष, हे कागदावर आलं तर खेळाडूला चिडवल्याबद्दल तुमचाच स्टँड बंद करावा लागेल मला.

भोंगा : अहो, गमतीनं म्हणतो आम्ही!

गोलकीपर : मीही गमतीनंच चाळली.

भोंगा : गंमत? घरून चाळणी घेऊन आलीस तू! ठरवून!

गोलकीपर : मी नाही आणली. आईनं घातली बॅगेत.

भोंगा : आईनं?

गोलकीपर : त्या पहिल्या सामन्याला आली होती ती. जागा मिळाली नेमकी तुमच्या स्टँडमध्ये. सहावा गोल झाला, तुम्ही भोंग्यातून ओरडलात, मागोमाग अख्खा स्टँड ओरडायला लागला. शेजारच्या बाईनं आईला विचारलं, तुमची कोण खेळते का हो? आई म्हणाली, कुणी नाही.

चिटणीस : अरेरे.

गोलकीपर : माझ्या सहा गोलांचं तिला काही नव्हतं. त्या "कुणी नाही"ची लाज वाटते तिला, अजून. पुन्हा मैदानाची पायरी चढली नाही. आज सकाळी मात्र स्वतः चाळणी धुतली, पुसली, ग्लोव्ह्जवर ठेवली. म्हणाली, दाखव त्यांना, हिच्यातून काय काय पडत नाही ते. आता सांगा, साहेब, कुणाची माफी मागू? आणि कशाला मागू? बंदी घालायची तर घाला!

भोंगा : तो माझ्या तक्रारीचा कागद द्या इकडे, साहेब.

चिटणीस : फाडताय?

भोंगा : फाडला. पण ऐक गं, रविवारची तिकिटं आम्ही आधीच काढलीत. येणार आणि ओरडणार.

गोलकीपर : घसा बसेपर्यंत ओरडा. चाळणीच म्हणा. सोमवारी बसमध्ये खोकल्याच्या गोळ्या देते.

भोंगा : ...आई येईल का रविवारी?

गोलकीपर : आज घरी जाऊन विचारते. साहेब, चाळणी द्या.

चिटणीस : ती जप्त म्हणून नोंदवलीय, बाई. परत दिल्याचीही नोंद करावी लागेल. कुणाची म्हणून लिहू?

गोलकीपर : लिहा, गोलकीपरच्या आईची.